मोठे डॉक्टर कधी येणार?

एका वाचक डॉक्टरांचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्राचा गाभा असा:

'मी एमडी मेडिसिन, वय ३१. दीडशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयात तीन वर्षांपासून फुलटाइम फिजिशियन आहे. वॉर्ड, आयसीयू, रात्रीचे कॉल, ऑपरेशनआधीचे फिटनेस, सगळे रेफरन्स (इतर विभागांनी मत विचारलेले पेशंट) मीच बघते. फाइलवर नाव मात्र बाहेरून व्हिजिटला येणाऱ्या कन्सल्टंटचं असतं. रोज बघत असलेल्या पेशंटचे नातेवाईकही मला विचारतात, "मॅडम, मोठे डॉक्टर कधी येणार?" बाबा तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतात. ते म्हणतात, "दुसऱ्याच्या हॉस्पिटलात किती दिवस राबणार? जागा मी देतो, दहा खाटांचं स्वतःचं काढ." त्यात गेल्या काही महिन्यांपासून व्यवस्थापन दर महिन्याला माझं कन्व्हर्जन काढून दाखवतं, म्हणजे ओपीडीतले किती पेशंट मी ॲडमिट केले ते. मार्चमध्ये करार नव्यानं होणार आहे, त्यातली वाढ या आकड्यावर ठरेल असं सुचवलं गेलंय. मला वॉर्डातलं काम मनापासून आवडतं. पण याला करिअर म्हणायचं, की मी कायमची कुणाची तरी असिस्टंट?'

प्रिय डॉक्टर,

असिस्टंट नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातला बाकीचा सगळा गोंधळ या एका शंकेतून आलाय, असं मला वाटतं.

तुम्ही करता ते काम जगात स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झालेलं आहे. १९९६ साली रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या अमेरिकी डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख लिहून दाखल पेशंट सांभाळणाऱ्या डॉक्टरांना 'हॉस्पिटलिस्ट' हे नाव दिलं. तोवर तिथे साधारण रीत अशी होती की फॅमिली डॉक्टर आपला दवाखाना उघडण्याआधी रुग्णालयात जाऊन स्वतःचे दाखल पेशंट बघून यायचा. दुपारी त्यातला एखादा पेशंट बिघडला, की डॉक्टर ओपीडीत अडकलेला आणि वॉर्डात निर्णय घेणारं कुणी नाही. दाखल पेशंट जास्त आजारी येऊ लागले, पटापट घरी पाठवले जाऊ लागले, तशी ती रीत निभेना. पुढच्या वीस वर्षांत तिथे हे काम करणारे डॉक्टर पन्नास हजारांवर गेले. आपल्याकडून गेलेली कितीतरी मराठी मुलंमुली तिथे लहान गावांतल्या रुग्णालयांत हेच काम करतात. बऱ्याच ठिकाणी सात दिवस ड्युटी, सात दिवस सुटी अशा पाळीनं.

आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. केईएम किंवा ससूनमध्ये शिकलेल्या कुणालाही युनिट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इमर्जन्सीच्या दिवशी दाखल झालेला पेशंट त्या युनिटचा, घरी जाईपर्यंत त्याची जबाबदारी त्याच युनिटची. खासगी रुग्णालयांनी यंत्रं आणली, आयसीयू आणले, पण ही युनिटची शिस्त तेवढी मागे राहिली. तिथे पेशंट असतो व्हिजिटला येणाऱ्या कन्सल्टंटचा आणि दिवसाचे उरलेले तेवीस तास तो तुमच्या जिवावर असतो. 'मोठे डॉक्टर कधी येणार' हा प्रश्न त्या रचनेतून येतो. नातेवाइकांवर रागावू नका. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की पेशंट कोण सांभाळतंय.

मग ते तुम्ही सांगा, आणि पहिल्याच दिवशी सांगा. पेशंट वॉर्डात आला, की खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं, "मी डॉक्टर अमुक. तुमच्या आईची रोजची जबाबदारी माझ्याकडे आहे. अँजिओग्राफी लागली तर ती हृदयाचे डॉक्टर करतील, पण औषधं काय चाललीत, उद्या काय करायचं, घरी कधी जायचं, हे मला विचारायचं. मी रोज संध्याकाळी पाचला इथे भेटेन. घरातलं कुणीतरी एक जण ठरवा, त्यांच्याशीच मी बोलेन." उभ्या उभ्या, फाइल चाळत बोललेलं नातेवाइकांना आठवत नाही. आणि पाचची वेळ दिली तर पाचला जायचं, किंवा उशीर होणार असल्याचा निरोप सिस्टरकडे द्यायचा. एवढं तुम्ही पाळलंत, तर तुमच्या वॉर्डात तो प्रश्न बराच कमी होईल. फाइलवर आणि खाटेवरच्या पाटीवर कन्सल्टंटच्या नावाखाली तुमचं नाव हवं, ही मागणीही करा. त्यात मानाचा भाग आहेच, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. पण रात्री अडीचला सिस्टरनं कुणाला उठवायचं, हेही त्या पाटीवरून ठरतं.

बोलण्याबद्दल आणखी एक. 'पेशंट सिरीयस आहे' हे वाक्य आपल्याकडे इतकं सरसकट वापरलं जातं, की त्याला काही अर्थच उरलेला नाही. उद्या अंगावर येऊ नये म्हणून प्रत्येकाला सिरीयस सांगून ठेवतात, कन्सेंटवर सही घेतात, आणि खरोखर जीव धोक्यात असतो तेव्हा वेगळं सांगायला शब्दच नसतो. त्याऐवजी स्पष्ट बोला. "बीपी टिकवायला सलाइनमधून औषध द्यावं लागतंय. काल एक औषध होतं, आज दुसरं जोडलं. लघवी कमी झालीय. पुढचे दोन दिवस कठीण आहेत आणि यातून ते वाचणार नाहीत अशी भीती मला वाटते." हे ऐकून माणसं रडतात, पण अंगावर सहसा येत नाहीत. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तो माहीत असावाच, पण तो लागू होतो हल्ला झाल्यावर. वाईट बातमी सांगायला मध्यरात्री नव्या आरएमओला, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला, एकट्याला पुढे करायचं नाही, हा नियम तुमच्या वॉर्डात तुम्ही घालून द्या.

आता कामाकडे येते, कारण तुमचं मोठेपण तिथे ठरणार आहे.

तुमच्या वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास नोंदवायचे तक्ते, उद्या काढून बघा. बहुतेक पेशंटच्या श्वासापुढे २० लिहिलेलं सापडेल. कुणी पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजलेलं नसतं. आकडा भरायचा म्हणून भरलेला असतो. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिल्यांदा बदलतो तो हाच आकडा, बीपी पडण्याच्या कितीतरी आधी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धती काढली, २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध यांना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरनं तातडीनं बघायचं, ७ झाली की आणीबाणी समजायची. श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त असेल तर त्या एका आकड्याचेच ३ गुण होतात. याचा खरा फायदा सिस्टरना होतो. 'मला पेशंट ठीक वाटत नाही' असं म्हणून मोठ्या सरांना रात्री उठवायचं धाडस नवख्या सिस्टरला होत नाही. 'न्यूज ७ आहे' म्हणायला धाडस लागत नाही. हा तक्ता लावायला यंत्र लागत नाही, बजेट लागत नाही. सिस्टरना बरोबर घेऊन तुमच्या एका वॉर्डात सुरू करा.

दुसरं काम हँडओव्हरचं, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवण्याचं. संध्याकाळी आठला लिफ्टपाशी उभं राहून 'सगळे स्टेबल आहेत, बारा नंबरवर जरा लक्ष ठेव' असं सांगून घरी जाणं, याला हँडओव्हर म्हणत नाहीत. हँडओव्हर असा हवा: "बेड बारा. ६४ वर्षांचे काका, मधुमेह आहे, उजव्या बाजूचा न्यूमोनिया, आज दुसरा दिवस. आत्ता २ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९५ आहे. दहाला आणि दोनला स्वतः जाऊन बघ. ४ लिटरवरही ९२ च्या खाली राहिलं किंवा श्वास ३० च्या वर गेला, तर नुसता ऑक्सिजन वाढवत बसू नकोस. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) कर, आयसीयूला कळव, मला फोन कर. मुलगा रात्री उशिरा येणार आहे, त्याला अजून सगळं सांगितलेलं नाही." मग ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. अमेरिकेत नऊ रुग्णालयांमधल्या निवासी डॉक्टरांना अशी ठरावीक पद्धत शिकवून बघितली. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. असं एखादं नवं औषध निघालं असतं, तर औषधकंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनी तुमच्या ओपीडीबाहेर रांग लावली असती. इथे विकायला काहीच नाही, म्हणून हे कुणी तुम्हाला सांगायला येत नाही. तुमच्या रुग्णालयाकडे मागा: सकाळी आणि रात्री पाळी बदलताना अर्धा तास, दोन्ही डॉक्टर हजर, त्या वेळात ओपीडी नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जवळचं वाटतं. सत्तरीच्या आजी, हृदय कमजोर, किडनी अर्ध्यावर. हृदयाचे डॉक्टर सकाळी येऊन लघवी जास्त होण्याचं इंजेक्शन वाढवतात. दुपारी किडनीचे डॉक्टर क्रिएटिनीन (किडनी किती काम करतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून ते थांबवतात. संध्याकाळी शुगरचे डॉक्टर गोळी बदलतात. मुलगी तिघांना भेटते आणि तीन वेगवेगळी उत्तरं घेऊन जिन्यात उभी राहते. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पण आजी एकच आहेत. फोन उचलून दोघांना एकमेकांशी बोलायला लावणं, पाय दाबून सूज बघणं, वजनाचा कागद समोर ठेवणं आणि 'आज इंजेक्शन द्यायचं, उद्या सकाळी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम बघून पुढचं ठरवायचं' असा एक निर्णय फाइलवर वेळ घालून लिहिणं, हे तुमच्याशिवाय त्या इमारतीत कुणी करणार नाही. याला मी मेडिसिन म्हणते. यासाठीच तुम्ही तीन वर्षं निवासी म्हणून झिजलात.

आता बाबांविषयी. ते 'दुसऱ्याच्या हॉस्पिटलात राबणं' म्हणतात, ते त्यांच्या अनुभवातून. त्यांच्या पिढीत एमडी होऊन कुणाकडे तरी राहिलेला डॉक्टर म्हणजे ज्याची प्रॅक्टिस चालली नाही, असंच समजलं जायचं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: "बाबा, शहरातल्या हॉस्पिटलातून परत आलेल्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड तुम्हाला वाचता येतं का?" मला खात्री आहे, ते तासभर बोलतील. कार्डावर तपासण्यांची दोन पानं असतात आणि पेशंटला नेमकं काय झालं होतं ते नसतं. घरी बीपीच्या टेल्मिसार्टनची एक गोळी चालू होती, रुग्णालयातून दुसऱ्या ब्रँडची टेल्मिसार्टन लिहून दिली, पेशंट दोन्ही घेतोय आणि उठून उभं राहिलं की चक्कर येऊन पडतोय. रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, पाठवलेलं असतं, पेशंट तिसऱ्या दिवशी घरी गेलेला असतो, रिपोर्ट नंतर येतो आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते. त्या रिपोर्टचा फोन कोण करणार? हे सगळं तुमच्या बाबांच्या टेबलावर येऊन पडतं. तुम्ही कितीही चांगलं ॲडमिशन केलं, तरी पेशंटला शेवटी सांभाळणार त्याच्या गावचा डॉक्टर. म्हणून दाखल होताना घरच्या औषधांची पिशवी मागवून घ्या. कार्डावर मराठीत लिहा: हे बंद, हे नवीन, हे पूर्वीचंच. कुठला रिपोर्ट यायचाय आणि तो आल्यावर कोण कळवणार, ते लिहा. आणि त्या गावच्या डॉक्टरांना दोन मिनिटांचा फोन करा. अमेरिकेतल्या पद्धतीवरची जुनी टीकाही हीच आहे: आतला डॉक्टर आणि बाहेरचा डॉक्टर यांच्यातला धागा तुटतो. तुम्ही जनरल प्रॅक्टिशनरच्या घरात वाढलात. हा धागा कुठे तुटतो ते तुमच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल.

दहा खाटांच्या हॉस्पिटलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वडील जागा देतायत म्हणून काढू नका. नर्सिंग होमच्या १९४९ च्या कायद्याखालची नोंदणी, फायर एनओसी, जैववैद्यकीय कचरा, प्रशिक्षित सिस्टर मिळणं आणि टिकणं, कर्जाचे हप्ते, हे सगळं एकट्या फिजिशियनच्या डोक्यावर येतं, आणि रात्री तिथेही तुम्हीच. काहींना ते जमतं, काहींचा तो जीव की प्राण असतो; अशा डॉक्टरांनी तालुक्याच्या गावांतली माणसं वाचवली आहेत. पण तुम्हाला वॉर्डातलं काम आवडतं, असं तुम्ही स्वतः लिहिलंय. आणि रिकाम्या खाटा हप्त्याच्या तारखेला कन्व्हर्जनचा प्रश्न तुमच्याच घरी घेऊन येतील, हेही लक्षात असू द्या.

कन्व्हर्जनच्या बाबतीत मात्र तडजोड नको. डेंग्यूच्या दिवसांतला पेशंट घ्या. प्लेटलेट ९० हजार, पण पोटात दुखत नाही, उलट्या नाहीत, कुठून रक्त नाही, पाणी-पेज पोटात ठरतेय, लघवी नीट होतेय, घर जवळ आहे. याला रोज तपासणी आणि कुठल्या लक्षणांवर लगेच यायचं ते समजावून घरी पाठवता येतं. दुसरा, प्लेटलेट एक लाख चाळीस हजार, ताप उतरतोय, पण उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, मलूल झालाय. याला आत्ता दाखल करायला हवं. हा फरक ओळखण्यासाठी तुमची पदवी आहे. ज्या दिवशी पहिल्या पेशंटकडे बघताना महिन्याचा आकडा डोळ्यांपुढे येईल, त्या दिवसापासून दुसऱ्या पेशंटबद्दलचं तुमचं मतही नातेवाइकांना संशयास्पद वाटायला लागेल, आणि त्यांचं चुकणार नाही. पेशंट पाठवण्यासाठी किंवा मिळवण्यासाठी कमिशन देणं-घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत निषिद्ध आहे. पगार ॲडमिशनवर बांधणं हा त्याच वृत्तीचा दुसरा अवतार आहे, असं मी मानते.

तेव्हा व्यवस्थापनाला पत्र द्या, तोंडी बोलू नका. मोबदला ठरावीक हवा, ॲडमिशनच्या संख्येशी त्याचा संबंध नसावा. कामाचं मोजमाप करायचंच असेल तर वॉर्डातून अचानक आयसीयूत हलवावे लागलेले पेशंट, तीस दिवसांत परत दाखल झालेले पेशंट, वेळेत दिलेली डिस्चार्ज कार्डं, हे मोजा म्हणावं. हँडओव्हरचा अर्धा तास आणि फाइलवरचं नाव यांचाही त्याच पत्रात उल्लेख करा. सभ्य भाषेत, एका पानात. ते ऐकतील, असा माझा अंदाज आहे. रात्री वॉर्ड सांभाळणारी एमडी सहज मिळत नाही, हे त्यांनाही कळतं. नाहीच ऐकलं तर ते रुग्णालय सोडा, हे काम सोडू नका. ट्रस्टची रुग्णालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांतली अध्यापकपदं आहेत, जिल्हा रुग्णालयांत वर्ग-१ फिजिशियनच्या जागा असतात.

सही करण्याआधी करार नीट वाचा, शक्य तर ओळखीच्या वकिलाला दाखवा. तुम्ही पगारदार आहात की 'कन्सल्टंट', ते बघा. दहा टक्के टीडीएस कापून व्यावसायिक शुल्क म्हणून पैसे येत असतील, तर कागदावर तुम्ही कर्मचारी नाही. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि कायद्यानं नोकरदार स्त्रीला मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजाही अशा करारात रुग्णालयं सहसा धरत नाहीत. ३१ व्या वर्षी हे विचारायला संकोच करू नका. 'मिनिमम गॅरंटी', म्हणजे किमान रकमेची हमी, किती महिन्यांपुरती आहे आणि ती संपल्यावर काय, ते लिहून घ्या. सोडून जाण्याच्या नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा असू दे. व्यावसायिक दायित्वाचा विमा रुग्णालयाच्या नावावर असला, तरी स्वतःच्या नावावर वेगळा घ्या. करार मार्चमध्ये आहे म्हणता, तर पत्र जानेवारी संपायच्या आत द्या, म्हणजे दुसरीकडे मुलाखत द्यायला हाताशी वेळ राहील.